वडिलांचं गाडी चालवणं थांबवायचंय? मग किल्ली सगळ्यात शेवटी मागा

बहुतेक घरांत हे काम उलट्या क्रमाने होतं. वडिलांची गाडी कुठेतरी घासते. पुण्याहून मुलगा रविवारी येतो, जेवणं झाल्यावर किल्ली काढून घेतो आणि सोमवारी पहाटे परत जातो. मंगळवारी वडिलांना दवाखान्यात जायचं असतं आणि कसं जायचं हे कुणी ठरवलेलंच नसतं. मग ते शेजाऱ्याची ॲक्टिव्हा मागतात, नाहीतर कपाटातली दुसरी किल्ली हुडकतात. दोन्ही जमलं नाही की घरात बसतात आणि महिनाभरात गुडघे आणखी आखडतात.

क्रम असा हवा: आधी फिरण्याची नोंद, मग तपासणी, मग दुसरी सोय, मग बोलणं, मग एकेक फेरी कमी करणं आणि शेवटी किल्ली. घाई नसेल तर याला काही महिने लागतात. आई स्कूटर चालवत असेल तरी क्रम हाच.

सावधान: फिट आली, शुद्ध हरपली, साखर उतरून गाडीवरच गरगरलं, किंवा रोजच्या रस्त्यावर वाट सापडेना, यातलं एकदाही घडलं तर गाडी त्याच दिवशी बंद. बाकीच्या पायऱ्या त्यानंतर, जमेल तेवढ्या एकदम उरकायच्या.

## १. दोन आठवडे वही ठेवा

वडील कुठे जातात हे आपल्याला माहीत आहे असं सगळ्यांनाच वाटतं. लिहून काढल्यावर निम्मं चुकीचं निघतं. साधी वही घ्या. वार, निघायची वेळ, ठिकाण, सोबत कोण, हातात ओझं काय आणि परत कधी, एवढंच लिहायचं. आई घरी असेल तर ती लिहील. वडिलांना चोरून करू नका. "तुमच्या पेट्रोलचा हिशेब बघूया" म्हटलं तर तेच लिहून देतील.

कोल्हापुरातली अशी एक वही:

सोमवार, पहाटे ५.४५, रंकाळा, स्कूटर. येताना गंगावेशीतून दूध. ७.१५ ला घरी.
मंगळवार, सकाळी ९, अंबाबाई, आईसोबत चारचाकीतून. गाडी बिंदू चौकात लावली.
बुधवार, सकाळी ११, बँक, राजारामपुरी. १.१५ ला घरी.
शुक्रवार, संध्याकाळी ६, कपिलतीर्थ मंडई. सहा किलोची पिशवी.
रविवार, सकाळी ८, वडणग्याला शेतावर. दुपारी १ ला घरी.

बुधवारची ओळ बघा. बँकेतलं काम दहा मिनिटांचं आणि घरी यायला सव्वादोन तास. उरलेला वेळ बँकेबाहेरच्या कट्ट्यावर, जुन्या सहकाऱ्यांत गेलेला असतो. बँकेचं काम मोबाईलवर करून दिलं की मुलाला वाटतं एक फेरी वाचली. वडिलांचा कट्टा बंद पडला हे त्याच्या ध्यानातच येत नाही. अशा ओळींवर पेनाने खूण करा. सोय लावताना त्या पहिल्या घ्यायच्या आहेत.

मंगळवारच्या ओळीत आई आहे. वडिलांची गाडी थांबते तेव्हा आईचंही बाहेर पडणं थांबतं, म्हणून तिच्या फेऱ्या वेगळ्या मोजा.

## २. शेजारच्या सीटवर बसा आणि गप्प बसा

किमान तीन फेऱ्या सोबत करा: एक सकाळची मोकळ्या रस्त्याची, एक संध्याकाळच्या गर्दीची, एक अंधार पडल्यानंतरची. मध्ये "ब्रेक, ब्रेक" ओरडलात तर पुढचं काहीच खरं दिसणार नाही. तसं ओरडावंच लागलं, तर मात्र तपासणी तिथेच संपली.

चारचाकीत हे बघा:

- उजवीकडे वळताना समोरच्या गाडीचा वेग ओळखता येतो का? दाभोळकर कॉर्नर किंवा सायबर चौकात हे लगेच कळतं.
- मान वळवून मागे बघतात की नुसत्या आरशावर भागवतात? आखडलेल्या मानेमुळे डाव्या अंगाची दुचाकी दिसत नाही.
- पाय ब्रेकवरून ॲक्सिलरेटरवर जाताना खाली बघावं लागतं का? जुन्या मधुमेहात तळपायाची जाणीव कमी होते, पेडल लागल्याचं कळत नाही.
- मागचे हॉर्न वाढलेत का? गाडीची डावी बाजू, बंपरचे कोपरे आणि गेटचा खांब यांवरचे ओरखडे मोजा.

दुचाकीवर खुणा वेगळ्या असतात. निघताना पहिल्या दहा फुटांत हँडल डगमगतं, हळू झाल्यावर दोन्ही पाय जमिनीला घासत येतात, साइड स्टँड तसाच राहतो, थांबल्यावर गाडीचं वजन एका अंगाला जातं आणि सावरत नाही. दुचाकीवरचे बरेच वयस्कर लोक वेगात पडत नाहीत. ते गाडी उभी असताना किंवा वळवताना पडतात आणि खुबा मोडतो. "मी तर वीसच्या वर जात नाही" हा युक्तिवाद इथे कामाचा नाही.

रात्रीची फेरी ऊस हंगामात असेल तर विशेष लक्ष द्या. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, अशी उसाची ट्रॉली अंधारात किती अंतरावरून दिसली? तुम्हाला आधी आणि त्यांना बऱ्याच उशिरा दिसत असेल, तर रात्रीचं चालवणं थांबवायला एवढं कारण पुरे.

तपासा: लायसनच्या फॉर्म १ मध्ये अर्जदाराला विचारतात की चांगल्या उजेडात २५ मीटरवरून गाडीची नंबरप्लेट ओळखता येते का. २५ मीटर म्हणजे मोठ्या माणसाची साधारण ३३ ते ३५ पावलं. ओळखीची गाडी नको, तिचा नंबर पाठ असतो. चष्मा लावून, एकेक डोळा झाकून वाचायला सांगा.

एका चुकीवरून निकाल लावू नका. तिन्ही फेऱ्यांत तीच चूक दिसली तर ती खरी.

## ३. डॉक्टर: आधी डोळे, मग औषधांची पिशवी

इथे दोन चुका होतात. एक म्हणजे डॉक्टरकडे न जाताच "वय झालं" म्हणून निकाल लावणं. दुसरी, एजंटाकडून न तपासता सही केलेला फॉर्म १-ए आणून लायसन वाढवून घेणं. चाळिशीनंतर लायसनच्या नूतनीकरणाला हा वैद्यकीय दाखला लागतो आणि पंचावन्ननंतर लायसन पाच-पाच वर्षांचंच मिळतं. म्हणजे कायद्याने तपासणीची एक संधी ठेवलेली आहे. आपणच ती शंभर-दोनशे रुपयांत विकतो.

डोळ्यांपासून सुरुवात करा, कारण मोतीबिंदू असेल तर प्रश्नच बदलतो. शस्त्रक्रियेनंतर नंबर स्थिर व्हायला साधारण महिना ते दीड महिना जातो. तेवढे दिवस "थांबलोय" म्हणायचं, "सोडलं" नाही. काचबिंदूत कडेची नजर जाते आणि गेलेली परत येत नाही. समोरचं स्वच्छ दिसत असल्यामुळे वडिलांना ते पटत नाही. फील्ड टेस्टचा (कडेची नजर मोजणाऱ्या तपासणीचा) कागद काढून डॉक्टरांनाच दाखवायला सांगा.

त्यानंतर नेहमीच्या डॉक्टरकडे. घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत भरून न्या, मेडिकलमधून परस्पर आणलेल्या सर्दी-खोकल्याच्या आणि झोपेच्यासुद्धा. विचारायचे प्रश्न चारच: यातल्या कुठल्या गोळीने सुस्ती येते, इन्शुलिनने किंवा मधुमेहाच्या गोळीने साखर एकदम उतरू शकते का, पायाची जाणीव किती उरली आहे, विसराळूपणा वयाचा आहे की तपासायला हवा. मागच्या पायरीत दिसलेल्या चुका चार ओळींत लिहून आदल्या दिवशी दवाखान्यात पोचवा. वडिलांच्या देखत चुकांचा पाढा वाचू नका.

डॉक्टरांचा निर्णय "चालवू नका" असा असेल तर तो केसपेपरवर लिहून घ्या. तोंडी सांगितलेलं जिना उतरेपर्यंत "जरा जपून चालवा म्हणाले" असं होतं.

## ४. सोय आधी उभी करा, ते गाडी चालवत असतानाच

खरं काम इथे आहे. वहीतल्या प्रत्येक ओळीपुढे नवी सोय लिहा आणि ती किमान तीनदा वापरून बघा: पहिल्यांदा तुम्ही सोबत, दुसऱ्यांदा आई किंवा मित्र सोबत, तिसऱ्यांदा एकटे.

ठरलेली रिक्षा. घराजवळच्या स्टँडवर जाऊन दोन रिक्षावाल्यांशी बोला. एक नेहमीचा, एक तो नसेल तेव्हाचा. चार गोष्टी आधीच ठरवा: ठरलेल्या ठिकाणांचं जायचं भाडं, थांबायचा ताशी दर, हाक मारल्यावर किती मिनिटांत येणार, आणि हिशेब रोज की महिन्याला. महिन्याचा हिशेब चांगला. रोज खिशात हात घातला की वडील "एवढ्याशासाठी साठ रुपये" म्हणून जाणंच टाळतात. रिक्षात एक छोटी वही ठेवायची, प्रत्येक फेरीला दोघांची सही. दोन्ही नंबर मोबाईलच्या स्पीड डायलवर आणि फोनशेजारी मोठ्या अक्षरात.

चढ-उतार शिकवावा लागतो. रिक्षा ओट्याला किंवा फुटपाथला लागून उभी करायला सांगा, म्हणजे पायरीची उंची कमी होते. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. काठी आधी आत द्यायची आणि दोन्ही हातांनी दांडी धरायची.

केएमटी, म्हणजे कोल्हापूरची शहर बस. गुडघे धड असतील तरच. पायरी उंच असते आणि शाळा-कॉलेज सुटायच्या वेळी उभं राहायलाही जागा नसते. सकाळी अकरा ते दुपारी चारच्या दरम्यानच्या फेऱ्या तिला द्या. परतीची गाडी किती वाजता आहे हे थांब्यावर जाऊन बघा, ऐकीव नको.

एसटी. गावाला, नरसोबाच्या वाडीला, पाहुण्यांकडे जायला ही सगळ्यात भक्कम सोय आहे. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षं पूर्ण झालेल्यांना एसटीत मोफत प्रवास आहे, ६५ ते ७५ वयाला निम्मं तिकीट. मार्च २०२३ पासून महिलांनाही निम्मं तिकीट, त्यामुळे पासष्टीच्या आतली आईसुद्धा सोबत स्वस्तात जाते. दोन अडचणी आधीच मिटवा. जुन्या आधार कार्डांवर नुसतं जन्मवर्ष असतं. कंडक्टरशी वाद नको असेल तर पूर्ण जन्मतारीख घालून घ्या. आणि ही सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच आहे. निपाणी-बेळगावच्या एसटीत हद्दीपुढचं तिकीट पडतं, कर्नाटकच्या गाडीत ती चालतच नाही. गावाकडची गाडी मध्यवर्ती स्टँडवरून सुटते, रंकाळा स्टँडवरून की शहरातल्याच संभाजीनगर स्टँडवरून, हेही लिहून ठेवा. चुकीच्या स्टँडवर तासभर बसलेला माणूस पुन्हा एसटीचं नाव काढत नाही.

रोजावर ड्रायव्हर. स्वतःची चारचाकी ठेवायची असेल तर. त्याचं लायसन स्वतः बघा आणि विम्यात पगारी ड्रायव्हरचं कव्हर घ्या, त्याचा हप्ता किरकोळ असतो. आठवड्याचा एक दिवस ठरवून टाका. दवाखाना, शेत, पाहुणे सगळं त्या दिवशी.

घरी येणाऱ्या सेवा. सत्तरीपुढच्या खातेदारांना बँका घरपोच सेवा देतात. पेन्शनचा हयातीचा दाखला मोबाईलवर चेहरा दाखवून किंवा पोस्टमनकरवी घरी होतो. जाणं त्रासाचं आहे तेवढंच घरी आणा. दूध, भाजी, औषधं, बँक सगळंच घरपोच केलंत तर माणसाला चप्पल घालायला कारण उरत नाही. गंगावेशीतलं दूध पिशवीतल्या दुधापेक्षा लांब पडतं, पण तो दुधाचा प्रश्नच नसतो.

पैशाचा हिशेब कागदावर मांडा. समजा विमा ९,०००, सर्व्हिसिंग ८,०००, टायर-बॅटरीचा वर्षाचा वाटा ५,००० आणि पेट्रोल महिन्याला २,००० म्हणजे वर्षाला २४,०००. एकूण ४६,०००, महिन्याला सुमारे ३,८००. रिक्षाची एक फेरी ८० रुपये धरली तर त्यात ४७ फेऱ्या होतात. स्वतःच्या गाडीचे खरे आकडे घालून वडिलांनाच बेरीज करू द्या.

सावधान: "लायसन लागत नाही" म्हणून कमी वेगाची इलेक्ट्रिक स्कूटर आणून देऊ नका. रस्ता तोच, नजर तीच, तोल तोच. कागद लागत नाही एवढाच फरक, आणि आवाज नसल्यामुळे समोरच्यालाही ती कळत नाही.

तपासा: रात्री दोन वाजता छातीत दुखलं तर काय? १०८ ची रुग्णवाहिका आणि गल्लीतला एक गाडीवाला शेजारी, दोन्ही ठरलेले हवेत. "रात्री काही झालं तर गाडी कोण काढणार" हाच वडिलांचा शेवटचा मुद्दा असतो आणि तो रास्त असतो.

## ५. बोलणं

एकाच माणसाने बोलायचं. ज्याचं ते ऐकतात त्याने: थोरला मुलगा, धाकटा भाऊ, जुना मित्र. सुनेला किंवा जावयाला पुढे करू नका आणि नातवंडांसमोर विषय काढू नका. अपघाताच्या दिवशीही नको. त्या दिवशी माणूस खजील असतो, आणि खजील माणूस ईर्षेला पेटतो.

"आण्णा, आता तुम्हाला जमत नाही" याने बोलणं तिथेच संपतं. "गेली चाळीस वर्षं चालवतोय, तू मला शिकवणार?" हे उत्तर तयार असतं. त्यापेक्षा कागदावरून सुरुवात करा:

"आण्णा, डोळ्याच्या डॉक्टरांनी उजवीकडची कडेची नजर कमी झालीय म्हणून लिहिलंय. रात्रीची गाडी मी काढत जातो किंवा रिक्षा सांगूया. सकाळी रंकाळ्याला कसं जायचं ते तुम्हीच ठरवा."

निर्णयाचा थोडा भाग खरोखर त्यांच्या हाती ठेवा: कुठली रिक्षा, कुठला वार, गाडी विकायची की नातवाला द्यायची. पहिल्या बोलण्यात होकार येत नाही. आठवडा जाऊ द्या आणि पुन्हा त्याच माणसाने विषय काढा.

## ६. एकेक करून कमी करा

स्मृतिभ्रंश, फिट किंवा शुद्ध हरपणं नसेल तर हा क्रम चालतो: आधी रात्र बंद, मग हायवे आणि शिरोली-उजळाईवाडीचे सर्व्हिस रोड, मग पाऊस, मग महाद्वार रोड आणि मंडईची गर्दी. शेवटी घराजवळची सकाळची फेरी. दोन टप्प्यांत दोन-तीन आठवडे ठेवा. दुचाकी असेल तर मागे कुणाला बसवायचं नाही, हा पहिला नियम.

स्मृतिभ्रंशात हा क्रम लावू नका. काल "रात्री नाही" ठरलेलं आज आठवत नाही आणि रोज तेच भांडण होतं. तिथे गाडी नजरेआड करणंच माणुसकीचं.

## ७. किल्ली, गाडी, कागद

किल्ल्या दोन असतात, कधी तीन. कपाट, देवघराचा खण, गॅरेजवाला, सगळीकडच्या गोळा करा. बॅटरीची वायर काढून "गाडी बिघडली" सांगू नका. वडील मेकॅनिक बोलावतात, तो दोन मिनिटांत वायर जोडतो आणि पुढे तुमचा शब्द कुणी धरत नाही. (स्मृतिभ्रंशात हे चालतं.) नातवाची मोपेड आणि शेजाऱ्याची स्कूटर विसरू नका. शेजाऱ्याला सरळ सांगून ठेवा.

गाडी त्याच आठवड्यात विकू नका. महिना-दोन महिने नवी सोय चालतेय हे बघा आणि मगच विका. आरटीओची हस्तांतर प्रक्रिया पूर्ण करा: फॉर्म २९ आणि ३०, आरसी, विमा, पीयूसी. ओळखीच्या माणसाला सही केलेले टीटीओ (मालकी हस्तांतराचे) फॉर्म तारीख न घालता देऊन टाकणं ही कोल्हापुरातली नेहमीची चूक. आरसीवर नाव वडिलांचंच राहतं, आणि पुढे कुणीही ती गाडी कुठेही धडकवली तरी नोटीस त्यांच्या नावाने येते. व्यवहार झाला की फास्टॅग बंद करा. नो क्लेम बोनसचं (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणाऱ्या सवलतीचं) पत्र विमा कंपनीकडून मागून घ्या. ते तीन वर्षांच्या आत त्यांच्याच नावावर घेतलेल्या दुसऱ्या गाडीला चालतं.

लायसनची मुदत संपत आली असेल तर नूतनीकरण न करणं हा सगळ्यात कमी वादाचा मार्ग. पण मुदत संपल्यावर गाडी घरात आणि किल्ली खिळ्यावर राहिली तर ते धोक्याचं आहे. वैध लायसन नसताना चालवलं तर ५,००० रुपये दंड, आणि अपघात झाला तर विमा कंपनी भरपाईची रक्कम मालकाकडून वसूल करू शकते. काहीच ऐकत नसतील आणि आजार स्पष्ट असेल, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १६ नुसार परवाना अधिकाऱ्याला नवा वैद्यकीय दाखला मागण्याचा किंवा परवाना रद्द करण्याचा अधिकार आहे. डॉक्टरांच्या कागदासह लेखी अर्ज द्यायचा. घरात याचे पडसाद उमटतात, म्हणून हा अगदी शेवटचा उपाय.

## ८. पहिले तीन महिने

जुनी वही काढा आणि पुन्हा दोन आठवडे लिहा. आधी आठवड्याला बारा फेऱ्या होत्या आणि आता पाच असतील तर सोय कागदावरच आहे. कुठली ओळ गळली ते शोधा. बहुतेकदा ती खूण केलेलीच असते, बुधवारच्या कट्ट्यासारखी.

महिनाअखेरीला रिक्षाचा हिशेब बघा. बिल कमी आलं म्हणून खूश होऊ नका. का कमी आलं ते विचारा. रिक्षावाला वेळेवर येत नाही, चढताना गुडघा दुखतो, की "पोरांचा पैसा कशाला" म्हणून ते जातच नाहीत? तिसरं कारण असेल तर पुढच्या महिन्यापासून रिक्षाचे पैसे त्यांच्याच पेन्शनमधून, त्यांच्याच हाताने द्यायला लावा.